श्रीला आगीचं सांगितलं नाही

मंगळवार, नेपरव्हिल

वेल्समधलं ते जुनं संरक्षित घर परवा जळालं. सकाळी ईमेल आला. तरुणपणी दोन वर्षं खपून श्रीने तिथला ओकचा जिना दुरुस्त केला होता. गेल्या आठवड्यात त्याने मला त्या जिन्याचे फोटो मागवायला सांगितलं होतं. त्याला कसं सांगू? डॉक्टर म्हणतात, आता थोडेच दिवस.

संध्याकाळी त्यानेच विचारलं, "जिन्याचे फोटो आले का गं?"

"आले. अजून छान आहे जिना."

"मग वर घेऊन चल मला."

मी तिथे कधी गेलेच नाही. त्याची ड्रॉइंग्ज आठवत एकेक खोली सांगत गेले.

"खिडकी डावीकडे," मिटल्या डोळ्यांनी त्याने सुधारलं.

"हो रे, डावीकडेच."

त्याला झोप लागल्यावर लेक म्हणाली, "आई, यू लाइड टू हिम."

हो, खोटं बोलले. उद्याही बोलेन. स्वयंपाकघर दाखवायचं राहिलंय.