मला कुणी विचारलं न्हाय

निपाणी, मे १९८३

डॉक्टरसाहेब,

मी तानीबाई, तंबाखूच्या वखारीत कामाला जाणारी. दोन वर्सं माझी छाती धडधडायची, घाम सुटायचा, आता मरतोय असं वाटायचं. सुई तुम्ही मला टोचायचासा, पर विचारायचासा नवऱ्याला, "काय होतंय हिला?" तो म्हणायचा, "कामाचा कंटाळा." तुम्ही हसून त्यालाच सांगायचासा, "काय न्हाय, मनाचे खेळ." तेवढ्यावर सासूनं भूत लागलंय म्हणून मला मिरच्यांची धुरी दिली.

आता तुमच्या जागी बाई डॉक्टर आल्यात. त्यांनी नवऱ्याला बाहेर बसवलं अन् मला विचारलं, "हे कधीपासून?" मी सांगितलं, वखारीत माझ्या मांडीवर संगं काम करणाऱ्या पारूबाईनं जीव सोडला, तवापासून. त्या म्हणाल्या, "हा भीतीचा आजार हाय, बरा होतो." आता दर सोमवारी मी एकटी जातो. लई उतार हाय.

माझं सोडा. पारूबाईलाबी दम लागायचा. तिच्या नवऱ्यालाबी तुम्ही मनाचे खेळच सांगितलासा. तिला एकदा तरी विचारायचं हुतं.

हे पत्र धाडत न्हाय. बाईचं म्हणणं तुम्ही पुरुषाच्या तोंडनंच ऐकतासा.

तुमच्या केसपेपरवरची "सत्याप्पाची बायको",
तानीबाई