चाकूची कड आणि माझे हात

मी, खाली सही करणारी, नवऱ्यामागे ही गुलाबाची रोपवाटिका चालवणारी बाई, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. शुद्धीत असल्याचं सगळेच लिहितात. मला ते सिद्ध करावं लागलं, कारण आईचं डोकं ठिकाणावर नाही असं माझा मुलगा गावभर सांगत सुटला आहे.

म्हणून आज दोन्ही साक्षीदारांसमोर मी माझ्या खिशातल्या घडीच्या चाकूला धार लावली. एका गुलाबाचा डोळा, म्हणजे न फुटलेला कोंब, सालीसकट काढून दुसऱ्या रोपाच्या खुंटात बसवायचा, त्यासाठी हा चाकू. याच्या पात्याला उतार एकाच बाजूने असतो. दुसरी बाजू सपाट. उताराची बाजू ओल्या दगडावर घासली की सपाट बाजूला पोलादाची बारीक कड वळून येते. ती दिसत नाही. कापसाचा बोळा पाठीकडून धारेकडे हलकेच ओढावा. तंतू अडकले तर कड आहे. मग सपाट बाजू दगडावर पूर्ण टेकवून अलगद घासायची, आणि शेवटी पाठ पुढे, धार मागे ठेवून चामड्यावर ओढायची. साक्षीदारांपैकी डॉक्टरांनी स्वतः कापूस फिरवून पाहिला आणि म्हणाले, "बाई, दवाखान्यातल्या कात्र्या पाठवून देऊ का?" मी शुद्धीत असल्याचा त्यांचा दाखला सोबत जोडला आहे.

चामडं म्हणजे नवऱ्याचा कमरेचा पट्टा. तो गेल्यावर मी टेबलाला खिळे मारून बसवला. त्याआधी त्या पट्ट्याने काय काय केलं ते माझ्या पाठीला ठाऊक आहे. तो मी कोणाला देत नाही. टेबलावर आहे तिथेच झिजावा, पुन्हा कुणाच्या हातात जाऊ नये.

आता मुलाचं. मी तापाने पडले होते तेव्हा त्याने मला न विचारता हा चाकू धार लावायच्या विजेच्या चाकावर धरला, तोही दोन्ही बाजूंनी. कड तशीच लोंबत ठेवली आणि त्याच चाकूने हंगामाचे सगळे डोळे खुंटांत भरले. साल कापली जाण्याऐवजी फाटत गेली. एकूण एक डोळा काळा पडला. गिऱ्हाईक फाटकाशी येऊन भांडू लागलं, तेव्हा हा पठ्ठ्या काय म्हणाला? "आईनं भरले होते हो. हात थरथरतात आता तिचे." मी आतल्या खाटेवरून ऐकत होते.

उठता आलं त्या दिवशी मी चाकू त्याच्यापुढे धरला.

"ही कड कोण काढणार होतं?"

"कसली कड? कागद सपासप कापतोय की!"

"कागद कापतो, साल फाटते. लहानपणापासून सांगत आले तुला."

"आई, तुला भास व्हायला लागलेत. पड जरा."

तेव्हापासून गिऱ्हाईक व्यवहार त्याच्याशी करतं आणि माझ्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलतं. उभा जन्म या हातांवर काढला, आणि पोटच्या पोराने तेच हात बदनाम केले. मला त्याचा राग आहे, आणि मरताना तो कमी झालेला असेल असं कोणी समजू नये.

सपाट बाजू पुन्हा सपाट करायला मला अख्खा हिवाळा लागला. पातं झिजून निम्मं झालं आहे, पण चाकू सरळ आहे.

रोपवाटिका, खुंटांचे वाफे, दगड आणि चाकू मी सुनेला देते. बँकेत जे उरेल त्यातून तिने नवा दगड घ्यावा, हा मधोमध खोलगट झाला आहे. मुलगा फाटकाशी खोटं बोलला तेव्हा ती पाण्याची नळी धरून शेजारीच उभी होती आणि गप्प राहिली. नंतर येऊन विचारलं, "आई, कड गेली हे कसं कळतं?" या घरात हे विचारणारी ती एकटीच. म्हणून तिला देते. ती गप्प राहिली त्याची माफी यात धरू नये. ती मी दिलेली नाही.

विजेचं चाक मुलाला, बिनशर्त.

मागच्या दोन खोल्याही त्यालाच, पण एका अटीवर. आज साक्षीदारांसमोर मी फाटकाजवळच्या खुंटावर एक डोळा भरला आहे. मी गेल्यावर त्याला जे पहिलं फूल येईल, त्याच्या आत मुलाने त्याच फाटकात, गिऱ्हाईक उभं असताना, मोठ्याने म्हणावं: "त्या हंगामात आईचे हात थरथरत नव्हते. डोळे मी भरले होते आणि चाकूची कड मी काढली नव्हती." कागदावर लिहून दिलेलं चालणार नाही. तो म्हणाला की नाही हे शिंपीणबाई ठरवतील. त्यांचं दुकान समोरच आहे. नाही म्हणाला तर खोल्याही सुनेच्या.

खोल्यांसाठी तो म्हणेल, मी त्याला ओळखते. ऐकायला मी नसेन. त्याला मात्र ते स्वतःच्या तोंडून ऐकावं लागेल.

स्थळ: रोपवाटिकेतलं टेबल. दिनांक: डॉक्टरांच्या दाखल्यावर आहे तोच.

साक्षीदार १: दाखला देणारे डॉक्टर (सही)
साक्षीदार २: समोरच्या शिंपीणबाई (सही)

मृत्युपत्र करणारी: (सही). मुलाने अंगठ्यासाठी शाईची डबी पाठवली होती. ती न उघडता परत केली आहे.