तिसऱ्या घंटेआधी

प्रिय विनय,

तुझा मेसेज मिळाला. नव्या प्रयोगात बायकोचं काम करणारी अनया विचारतेय, इस्त्री करताना आधी कॉलर घ्यायची की बाही. कॉलर. आणि तू ओरडत असताना हात थांबवायचा नाही. थांबला की तू आणखी चेकाळतोस. हे तिला नाटकापुरतंच लागेल, अशी आशा आहे.

सत्तर वर्षांपूर्वी लंडनच्या रंगमंचावर एक चिडका तरुण इस्त्री करणाऱ्या बायकोला घालूनपाडून बोलला, आणि म्हणे इंग्रजी नाटक दिवाणखान्यातून बाहेर पडलं. जगभरच्या रागावलेल्या तरुणांना त्याने भाषा दिली, असं तू इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात लिहिलंस. बायकोला काय दिलं, ते लिहायचं राहिलं. तू मराठी रूपांतर केलंस, नायकाला इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेच्या एका बेसमेंटमध्ये आणलंस, आणि मी तुझी प्रॉम्प्टर झाले. तुझं पाठांतर कच्चं. घरी तालीम करताना मी खरंच इस्त्री करायची, संहिता शेजारी उघडी, आणि तू अडलास की पुढचा शब्द द्यायची.

आपलं मूल पोटातच गेलं, त्या आठवड्यात घरच्या तालमीत तू म्हणालास, "तुझ्यात काहीच टिकत नाही. पोरसुद्धा निसटलं." मी पानं उलटत राहिले. वाक्य सापडेना. मला वाटलं, चुकून पुढच्या अंकातलं घेतलंस. मग तुझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

शनिवारच्या तालमीला ते वाक्य संहितेत होतं. मंडळाचे हेमचंद्रकाका म्हणाले, "काय जळजळीत लिहितोस रे!" कामावर मी पेसमेकर तपासते. बिघाड एकदा झाला तर अपघात म्हणता येतो. मुद्दाम पुन्हा घडवता आला, तर नाही. प्रयोगात तू नेमका तिथेच अडलास. ते वाक्य मीच तुला विंगेतून दिलं. टाळ्या पडल्या. त्यानंतर मी त्या घरी राहिले नाही.

आज मंडळांच्या अधिवेशनात त्याच नाटकाचा प्रयोग आहे आणि तू मला पुन्हा विंगेत बोलावलंस, कारण माझ्याशिवाय तुझं पान हलत नाही. मी हो म्हटलं. हे पत्र तुझ्या मेकअपच्या पेटीत ठेवतेय. वाचून होईपर्यंत दुसरी घंटा झालेली असेल आणि दुसरा प्रॉम्प्टर मिळणार नाही. मी नेहमीच्या जागी असेन, संहिता मांडीवर. अडलास की माझ्याकडे बघ. त्या बायकोचं एकच अस्त्र आहे, जे तू रूपांतरातही कापलं नाहीस. ती बोलत नाही.

विंगेतली, आता फक्त तिथलीच,
चैत्राली