ड्राइव्हमध्ये दोष नाही

धाकट्या,

डीव्हीडीला आवाज का येत नाही, असे तू काल पाटीवर लिहून विचारलेस आणि खाली ‘डिप्लोमावाले, स्पीकरचा प्लग तरी लावलाय ना?’ असेही खरडलेस. प्लग लावलेला आहे. आवाज पूर्ण वाढवून पाहिला, कॉम्प्युटरमध्ये आवाजाचा ड्रायव्हर नव्याने टाकला, ड्राइव्हची आतली वायरही बदलली. शेवटी शेजाऱ्यांची लग्नाची डिस्क लावली, तर ती खणखणीत वाजली. म्हणजे दोष आपल्याच डिस्कमध्ये आहे, आणि तो माझ्या हातून झाला आहे.

तुझ्या घशाच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तू होणाऱ्या नातवंडासाठी कॅमेऱ्यासमोर तासभर गोष्टी सांगितल्यास. सुरुवातीला खरखर कुठून येते हे तपासण्यासाठी मी माइकची कळ बंद केली होती. ती पुन्हा चालू केल्याचे मला काही केल्या आठवत नाही.

कॅमेऱ्यातली मूळ टेप घेऊन दुकानात जात आहे, पण तिच्यातून काही निघेल असे वाटत नाही. जेवायला माझ्यासाठी थांबू नकोस.

खरे तर हे समोर बसून सांगायला हवे होते. पण तुला आता माझ्यावर ओरडताही येणार नाही, आणि ते मला बघवले नसते.

दादा