साक्षीदार पट्टी

हंट्सव्हिल, गुरुवार

प्रिय मिस्टर हॉयट,

तुम्ही डार्लाकडून एकच प्रश्न पाठवलात: चंद्रापाशी आपलं इंजिन पेटलं का? सांगते. पण तुम्हाला आता स्वतः वाचता येत नाही, पत्रं तुमची लेक डार्लाच वाचून दाखवते. तेव्हा तिच्या आवाजात थोडा वेळ माझंही ऐकून घ्या. पिकनचे दाणे घातलेली गोड पाई पाठवलीय. निम्मी डार्लानेच खाल्ली तर रागावू नका.

शेडमधलं तुमचं धातूचे भाग छापणारं यंत्र अजून चालू आहे. तांब्याची भुकटी अंथरायची, लेझरने हवी तेवढीच वितळवायची, पुन्हा अंथरायची. थरावर थर, केसाहून पातळ. नवी मंडळी काचेला नाक लावून बघत बसतात. मीही बसायचे. तुम्ही मागून येऊन म्हणायचात, "कॉरीन, अगं सिनेमा आहे का तो? शेवटी लग्न होत नाही त्यात. जा, जेवून घे!"

यानाच्या इंजिनाचा ज्वलनकक्ष आपण छापला, ते दिवस हल्ली सारखे आठवतात. सगळा एकसंध, कुठे सांधा नाही. थंडावा देणाऱ्या नळ्यासुद्धा भिंतीच्या आतच. तो कापून तपासता येत नाही, म्हणून त्याच्या शेजारी त्याच भुकटीतून बोटाएवढ्या पट्ट्या उभ्या करायच्या. साक्षीदार. त्यांना ताणून तोडायचं आणि त्या किती ताण सोसतात त्यावर कक्षाची परीक्षा. पट्टी तुटेपर्यंत शेडमध्ये कोणी 'छान' म्हणायचं नाही, हा तुमचा नियम. कंपनीचे मालक एकदा "सुंदर!" म्हणाले, तर तुम्ही त्यांनाच दार दाखवलंत: "मक्याच्या पावात काडी खुपसून बघायच्या आधी भाजला म्हणणारा माणूस माझ्याकडे जेवत नाही, साहेब!" ते हसले, पण गेले बाहेर.

आपली पट्टी हवी तिथे, हवी तशी तुटली. एक तुकडा तुम्ही घेतलात, एक मला दिलात. "आता म्हण," तुम्ही म्हणालात. तुमचा तुकडा उशाशी असतो म्हणे. माझा स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. भांडी घासताना समोर दिसतो.

डार्ला, इथून पुढचं मोठ्याने वाचण्याआधी तू एकटी वाच.

इंजिन पेटलं नाही. पुन्हा पुन्हा आज्ञा पाठवली, उत्तर आलं नाही. वेग कमी झालाच नाही, आणि यान चंद्राला ओलांडून गेलं. आता ते सूर्याभोवती फिरत राहील, आपण कोणी उरलो नाही तरी. दोष आपल्या कक्षाचा, झडपेचा की आणखी कशाचा, ते कळणार नाही. तोडून बघायला ते परत येणार नाही. पट्टी खोटं बोलली नव्हती. ती स्वतःपुरतं खरं बोलली, एवढंच. मंगळवारी चर्चच्या जेवणानंतर तू मला गाडीपाशी गाठलंस: "डॅडींना रविवार दिसेल की नाही ठाऊक नाही. तू नुसतं 'हो' लिही, कॉरीन. तुझ्या खरेपणाचं काय लोणचं घालायचंय?" मी 'हो' लिहायला बसले होते. दोन कागद फाडले. हे खरं लिहिणं त्यांच्यासाठी की माझे हात स्वच्छ राहावेत म्हणून, मला खरंच ठरवता येत नाही. तुला 'हो' म्हणायचं असेल तर म्हण. मी कधी कुणाला खोडून सांगणार नाही. पण तुझे डॅडी तुकडा मुठीत धरून तुझ्या चेहऱ्याकडे बघतील, आणि चेहरे तपासायला त्यांना कुठलं यंत्र लागत नाही. तेव्हा 'हो' तोंडून निघालं नाही, तर नजर चुकवू नकोस. हे वाचून दाखव, मग कागद त्यांच्या हातात दे आणि सांग, हे मी नाही, कॉरीनने लिहिलंय.

तुमचीच,
कॉरीन