कलकत्त्याचा कोट आणि घरचा कोट

३ जानेवारी १९२९

आला एकदाचा! कलकत्त्याच्या साहेबी दुकानातला शिकारीचा कोट. ह्यांनी पार्सल उघडलं ते थेट देव्हाऱ्यापुढे. आरतीच करायची बाकी होती! कोटाच्या आत सोनेरी धाग्याने दुकानाचं नाव आहे. आल्यागेल्याला कोट उलटा करून तेच दाखवतात. मला विचारलं, "कसा आहे?" मी म्हटलं, "चालून दाखवा." चालले. सुपात धान्य पाखडावं तसा आवाज! चितळ काय, फळीवरचा उंदीरही पळेल.

महिनाभर खपून मी शिवलेला कोट खुंटीवरच आहे.

४ जानेवारी

राग जात नाही. गुरसरायला माझे बाबा जहागिरीच्या शिकारखान्यात होते. म्हणायचे, शिकारीचा कोट आधी कानाने बघावा, मग डोळ्याने. चोळला तर वाजू नये, बटण चमकू नये, बंदूक उचलताना काखेत ओढू नये. मी सगळं सगळं पाहिलं. बाभळीची साल, हिरडा — तीनदा रंग दिला. अगदी सुक्या गवताचा रंग आला! बटणं शिंगाची.

आणि हे म्हणतात, "साहेबांच्या शिकारपार्टीत घरी शिवलेला घालू? रेल्वेचा गार्ड आहे मी, खलाशी नव्हे." अहो गार्डसाहेब, तुमच्या लाल-हिरव्या झेंड्यांना टीप कोण घालतं? तिथे बरं घरचं चालतं!

६ जानेवारी

पोळ्या करपल्या. करपू देत.

८ जानेवारी

स्टेशनवरचा खलाशी हल्के आला होता. रविवारी मोठकडच्या जंगलात शिकार आहे, तिथे हाका करायला तो जाणार — झाडीतून जनावर उठवून बंदुकांकडे पिटाळायचं. एवढ्या थंडीत अंगात नुसती बंडी. मी ह्यांच्या डोळ्यांदेखत खुंटीवरचा कोट काढला आणि त्याला देऊन टाकला! हे नुसते "अगं, अगं" करत राहिले. हल्केने घातला, हात वर करून पाहिले. म्हणाला, "बाईसाब, ऐसो कोट तो साहबन के पास सोई नइयाँ!" साहेबांकडेही नाही असा! ऐका म्हटलं, ऐका!

डोक्याला त्याच्या लालभडक साफा. त्या कोटावर काय ध्यान दिसत होतं! कोटाच्या कापडाचा लांब पट्टा उरला होता, तोच बांधायला दिला. जरा घुटमळला. पण मी अडूनच बसले, तेव्हा बांधला. साफा इथेच ठेवून गेला. फाटकापलीकडच्या बाभळींत शिरला आणि दिसेनासाच झाला. मी टाळी वाजवली. हे तोंड फिरवून आत गेले.

१३ जानेवारी, रविवार

गेले शिकारीला. खसखस आवाज करत. ससा जरी मिळाला तरी नाव बदलीन!

१४ जानेवारी

आले. कोट न काढता व्हरांड्यात बसून राहिले. पाणी दिलं, घेतलं नाही. मग कसंबसं बोलले. गवत हललं. साहेब म्हणाले, मारो. ह्यांनी बार काढला. गवतात हल्के होता. गोळी खांद्यात. इस्पितळात आहे, डॉक्टर म्हणतात हात काढावा लागेल.

"दहा पावलांवर होता गं. दिसलाच नाही." तेच तेच बोलत होते.

मी किंचाळले ह्यांच्यावर. हौशी शिकारी! सोनेरी धाग्याचे! वाट्टेल ते बोलले. हे खाली मान घालून बसले.

१५ जानेवारी

हल्केची बायको आली होती. कोट खराब झाला म्हणून त्याचा निरोप — "बाईसाब सें कइयो, कोट बिगर गओ."

लाल साफा न्यायला आली होती. हाकाऱ्यांनी लाल बांधायचं असतं म्हणे, बंदूकवाल्यांना माणूस दिसावा म्हणून. साफा दिला.

लाल कशासाठी असतं ते मला कुणी सांगायला हवं होतं? ह्यांच्या झेंड्या मीच शिवते.