‘ओबेदेथेर’ आणि गोकुळदासांचा कौल

३ जुलै १९९४
आज ‘ओबेदेथेर’! अर्थात आज्ञा पाळणे. मी शाळेत शिकलेल्या पोर्तुगीज ‘ओबेदेसेर’चे हे स्पॅनिश भावंड. माझ्या विद्यार्थिनीला, देवकीला, रूपे क्रमाने मांडून दाखवली — ‘ओबेदेथ्को’, मी पाळते. ‘ओबेदेथेस’, तू पाळतेस. पहिल्याच रूपात ‘क’ शिरतो, हे तिने स्वतः हेरले. शाबास! मग मुख्य मुद्दा: स्पॅनिशमध्ये हे क्रियापद थेट माणसाशी जोडता येते, मराठीत आपण माणसाचे ऐकतो आणि पाळतो ती त्याची आज्ञा. एवढे समजावूनही तिने भाषांतर केले — ‘मी बाबांना पाळते.’ तिची आई शेवंती दारातून म्हणाली, ‘‘बापायक पाळटा गो? मागीर चरोवंक कोण व्हरतलो?’’ बापाला चरायला कोण नेणार म्हणे! हसता हसता माझ्या हातातला खडू मोडला.

६ जुलै
देवकीला माद्रिदची शिष्यवृत्ती मिळाली! पणजीहून फोन आला. आमच्या सर्वण गावची मुलगी माद्रिदला! शेजारच्या दोन घरी मी स्वतः साखर वाटून आले. होकार मात्र बारा तारखेपर्यंत कळवायला हवा.

७ जुलै
तिच्या वडिलांना, गोकुळदासांना, सारे नीट समजावले. शांतपणे ऐकून म्हणाले, ‘‘बाई, तुमी शिकयलें तें बरें. पूण चेडूं इतल्या पयस धाडपाचें म्हाका कळना. देवाक विचारतां. तो सांगता तें पाळटलों.’’
या घरात विहीर खणायची झाली तरी कौल घेतात. भटजी मूर्तीला पाकळ्या चिकटवतात, गाऱ्हाणे घालतात, म्हणजे घरच्यांचा प्रश्न देवापुढे मांडतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. म्हणजे मुलीला इतक्या दूर धाडायचे की नाही, ते आता देव ठरवणार.

१० जुलै
शेजारचा बाबली देवळातून थेट माझ्याकडे आला. ‘‘बाई, हांव फाटल्यान उबो आशिल्लों. गाराणें आयकूंक येवंक ना. पूण दावी पडली.’’ मागे उभे राहून शब्द ऐकू आले नाहीत, डावी पाकळी मात्र त्याला दिसली.

११ जुलै
देवकी काल रात्रीपासून जेवलेली नाही. गोकुळदास देवळातूनच परस्पर पेडण्याला भावाकडे गेले आहेत म्हणे. तोंड चुकवतात! मुदत उद्या संपते.

१२ जुलै
सकाळी गोकुळदास दारात. डोक्यावर भावाची भलीमोठी प्रवासी बॅग.
‘‘बाई, पणजे हय म्हूण कळयात.’’
‘‘अहो, पण डावी पडली ना?’’
‘‘हय, दावीच पडली! हांवें विचारिल्लें — देवा, चेडवाक आडावूं काय?’’